अर्ध्या तासात संपणारं वर्ष

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याच्या किशोर गट कबड्डी निवड चाचणीची बातमी आपल्या अंकात वाचली. विजेता संघ, उपविजेता संघ, पाहुण्यांचा फोटो आणि शेवटी ‘स्पर्धा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ हे नेहमीचं वाक्य. बातमीत नावं दोनच संघांची. बाकीचे संघ कुठून आले, किती वेळ खेळले, कधी परत गेले, याबद्दल एक अक्षर नाही. माझी सगळी नोकरी क्रीडाशिक्षक म्हणून खेड्यातल्या शाळेत गेली, आता अमळनेरला निवृत्त आहे. मला जे लिहायचंय ते त्या न छापलेल्या संघांबद्दल. पत्र जरा लांबेल, कात्री लावायची तर लावा, पण शेवटचा भाग ठेवा.

आधी हिशेब मांडतो. किशोर गट म्हणजे 16 वर्षांखालची पोरं. नियमाप्रमाणे त्यांचा सामना 15-15 मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये 5 मिनिटं विश्रांती. म्हणजे खेळ अर्धा तास. पण चाचणीला संघ भरपूर, मैदानं मोजकी आणि संध्याकाळी कुणाच्या तरी हस्ते बक्षीस द्यायचंच असतं. मग डाव 10 मिनिटांवर येतो. स्पर्धा बाद पद्धतीची, पहिला सामना हरलात की पिशवी खांद्याला. जळगाव जिल्ह्यात 15 तालुके. चाळीसगावची पोरं आणि रावेरची पोरं येतात ती जिल्ह्याच्या पार दोन टोकांवरून, भल्या पहाटे कालीपिलीत कोंबून. संघ 12 जणांचा, त्यातले 7 मैदानात आणि 5 बाहेर. सामना अटीतटीचा असेल तर कोणता प्रशिक्षक त्या पाचांना आत सोडील? ती पोरं घरून भाकरी बांधून आणतात, वर्षातली एकमेव स्पर्धा कडेला बसून बघतात आणि त्याच गाडीनं परत जातात. शालेय स्पर्धेचंही तेच. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शिडी कागदावर फार शोभते. प्रत्यक्षात बहुतेक शाळांचं वर्ष तालुक्याच्या पहिल्या सकाळीच आटोपतं.

आणि वजनाचा प्रकार तर बघवत नाही. या गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. एका चाचणीच्या दिवशी (गाव सांगत नाही) शाळेच्या व्हरांड्यात वजनकाटा मांडला होता. आठवीतलं एक पोरगं, अंगावर फक्त चड्डी. काटा अडीचशे ग्रॅम जास्त दाखवत होता. त्याला खाली उतरवलं, कमरेचा करदोटा कापला, पुन्हा चढवलं. तरी काटा हलेना. मग कुणीतरी दोन स्वेटर आणले, एकावर एक चढवले आणि त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आदल्या दुपारपासून त्याच्या पोटात पाणी नव्हतं, हे त्यानंच मला सांगितलं, तेही बोबडी वळल्यासारखं, कारण ओठ सुकून चिकटले होते. आपल्या खान्देशातलं ऊन. हिवाळ्यातही अकराला चटका बसतो. पोरगं वजनात बसलं. पहिल्याच चढाईत पकडलं गेलं आणि नंतर बराच वेळ मैदानाबाहेर डोकं धरून बसलं. त्याच्या प्रशिक्षकाला मी दोष देत नाही. वर्षातून एकदाच दार उघडणार असेल, तर माणूस त्या दारातून पोराला कसंही करून आत ढकलणारच.

आता दुसरीकडचं सांगतो. माझी मुलगी-जावई सिडनीच्या पश्चिमेला, पेनरिथच्या बाजूला राहतात. मागच्या वर्षी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा तिथला हिवाळा होता आणि नऊ वर्षांचा नातू रग्बी लीग खेळत होता. रग्बीचे दोन प्रकार आहेत. आपल्याकडे कधीमधी दिसतं ते सात-सात जणांचं रग्बी युनियन घराण्यातलं. लीगमध्ये मोठ्यांचे संघ 13-13 जणांचे. चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. चेंडूवाल्याला समोरच्यांनी पाडलं की त्यानं उठून पायानं चेंडू मागे सरकवायचा आणि खेळ पुढे चालू. अशी सहा वेळा पाडापाडी झाली की चेंडू समोरच्या संघाला. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की 4 गुण. कबड्डीवाल्याला हा खेळ समजायला फार वेळ लागत नाही. पाच मिनिटांत मी पकडी मोजायला लागलो. खांदा कुठे लावायचा, डोकं कोणत्या बाजूला ठेवायचं, पाय कधी उचलायचा, हे आपला डावा कोपरारक्षक पोरगा तिथल्या पोरांना शिकवील.

पण मी गुंतलो ते खेळात नाही, स्पर्धेच्या मांडणीत. पेनरिथचा मोठा व्यावसायिक संघ आहे, पँथर्स. 1967 मध्ये तो सिडनीच्या मुख्य स्पर्धेत आला आणि 2021 ते 2024 असं सलग चार वर्षं अजिंक्यपद त्यानं घेतलं. त्या संघातले बरेच जण तिथल्याच वस्त्यांतल्या छोट्या क्लबांतून वर आलेले. पँथर्सच्या छत्राखाली त्या भागाची मुलांची स्वतंत्र स्पर्धा चालते, आणि सिडनीच्या इतर भागांतही मोठ्या क्लबांच्या आसऱ्यानं अशाच स्पर्धा आहेत. प्रत्येक उपनगराचा आपला क्लब, आपला रंग, आपलं मैदान. मार्चच्या सुमारास सुरू होऊन ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत जवळजवळ दर शनिवार-रविवारी सामना. आज आपल्या मैदानावर, पुढच्या खेपेला त्यांच्या. हरला तरी पुढच्या शनिवारी खेळायचंच आहे. आपण ज्याला साखळी पद्धत म्हणतो तीच, फक्त दोन दिवसांत उरकायची नाही, हंगामभर ताणायची.

लहान गटांचे नियम मी वहीत उतरवून आणलेत. खेळाडू कमी, मैदान छोटं, वेळ कमी. सामना चार भागांत, आणि प्रत्येक मुलाला किमान दोन भाग पूर्ण, सलग खेळवलंच पाहिजे. हा नियम वाचून मी जावयाला म्हटलं, हा एक कागद मला दे, बाकी काही नको. म्हणजे तिथे ‘ते पाच’ उरतच नाहीत. अगदी चिमुकल्यांच्या गटात तर आता पाडापाडीच नाही, कमरेची फीत ओढली की झालं. 12 वर्षांपर्यंतच्या गटांना अलीकडे गुणतक्ता आणि अंतिम सामनाही बंद केलाय, पोरांवर जिंकण्याचं ओझं नको म्हणून. अर्थात पोरं ती पोरंच. मैदानावर फलक नसला तरी गाडीत बसल्यावर नातवानं दोन्ही बाजूंचे गुण, कोणी कोणाला पाडलं, सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. माझ्या मते तक्ता काढून टाकणं जरा अतीच झालं. हरणं पोराला सोसतं. पुन्हा खेळायलाच न मिळणं सोसत नाही.

मोठ्या गटांत क्लबांची ताकद बघून विभाग पाडतात. तगडे तगड्यांशी, नवखे नवख्यांशी. आपल्याकडे ज्या मंडळात राज्य खेळलेली तीन पोरं आहेत ते आणि ज्यांनी गणपतीनंतर माती उकरून मैदान केलं ते, चिठ्ठीत समोरासमोर आले की 50-8 असा निकाल लागतो आणि दुसरं मंडळ पुढच्या वर्षी येतच नाही. मुलींनाही लहान गटांत मुलांबरोबरच खेळू देतात, पुढे त्यांचे वेगळे संघ. आमच्याकडे सातवीपर्यंत मुली मुलांच्या वरचढ चढाई करतात आणि आठवीत गायब होतात. कारणं मी सांगायला नकोत.

एक शनिवार डोळ्यांसमोर आहे. गवतावर दहिवर, पोरांच्या तोंडात दात सांभाळणारं रबर, सगळ्यांच्या नाकातून वाफा. मैदानाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत आया कांदा परतत होत्या. पावात सॉसेज घालून विकायचं, त्यातून क्लबचा खर्च काढायचा. मधल्या सुट्टीत संत्र्याच्या फोडींचा डबा फिरला. पंच कोण, तर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, त्याच क्लबच्या मोठ्या गटात खेळणारी. तिला सामन्यामागे मानधन मिळतं. भडक रंगाचं जाकीट घातलेला एक बाप नुसता येरझाऱ्या घालत होता. चौकशी केली तर म्हणाले, हा मैदान व्यवस्थापक, कडेवरून कुणी पालक पंचावर ओरडला तर त्याला आवरायचं काम याचं. आणि ओरडत होते हो! आई-बाप सगळीकडे सारखेच. फरक इतकाच की तिथे त्यांना आवरायला माणूस नेमलेला आहे.

त्याच दिवशी दुसऱ्या मैदानावर एका पोराचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. प्रथमोपचाराची बाई धावली, दोन-चार प्रश्न विचारले आणि त्याला बाहेर काढलं. पोरगं रडत होतं, मला खेळायचंय म्हणून. कुणी ऐकलं नाही. तिथे 2024 पासून राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या मार्गदर्शक सूचना अशा आहेत की 19 वर्षांखालच्या मुलाच्या मेंदूला मार बसला, तर अंगाला अंग भिडणाऱ्या सामन्यात किमान 21 दिवस परतायचं नाही. आपल्याकडे काय होतं? डोक्यावर बाटली ओततात, ‘उठ रे वाघा’ म्हणतात, टाळ्या पडतात. मॅटवर झालं तर एक वेळ ठीक, पण आपल्या तालुक्याच्या स्पर्धा अजून मातीवरच होतात, आणि ती माती आदल्या दिवशी पाणी मारून जेमतेम बसवलेली असते.

आणखी एक. तिथे मुलांना शिकवणाऱ्या, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची सरकारी पडताळणी व्हावी लागते. स्वयंसेवकाला ती फुकट, पाच वर्षं चालते. आपल्याकडे शिट्टी गळ्यात अडकवली की प्रशिक्षक. मुलींचे संघ बाहेरगावी मुक्कामाला नेणारा माणूस कोण, याची चौकशी पालक करतात का? मंडळ करतं का? यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

तिथलं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. नोंदणीला पैसे लागतात. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलासाठी सरकार वर्षातून दोनदा 50 डॉलरचं व्हाउचर देतं, तरी बूट आणि कपडे आहेतच. मोठ्या क्लबांचं उत्पन्न बऱ्याच अंशी जुगाराच्या यंत्रांवर चालतं आणि त्यातलाच वाटा पोरांच्या खेळाकडे येतो. आपली मंडळं वर्गणीवर आणि पुढाऱ्याच्या बॅनरवर चालतात. दोन्हींत कोणतं सोवळं, ते वाचकांनीच ठरवावं. शिवाय तिथे गाव तिथे मैदान आहे, हिरवंगार, नगरपालिकेनं राखलेलं. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर लग्नाचा मांडव पडतो आणि मग महिनाभर पोरांच्या पायाला खिळे लागतात.

रग्बी लीगच्या जन्माची हकिगत मात्र मला आपल्या फार जवळची वाटली. 1895 मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी हडर्सफिल्डच्या एका हॉटेलात बैठक घेऊन मूळ संघटनेपासून फारकत घेतली. भांडण कशावरून? खेळाडू गिरणीत आणि खाणीत राबणारे. शनिवारी सामन्याला गेले की मजुरी बुडायची. बुडालेली मजुरी क्लबानं भरून द्यावी असं उत्तरेकडच्यांचं म्हणणं, आणि हा खेळ हौसेचा आहे, पैसा नको, असं मूळ संघटनेतल्या वरच्या वर्गाचं. वरच्यांची मजुरी कधी बुडतच नव्हती, त्यांना काय! संघ पुढे 15 वरून 13 जणांचा झाला तो याच नव्या खेळात, 1906 मध्ये. अमळनेरला प्रताप मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावलेली पिढी अजून आहे, तिला हे भांडण समजावून सांगावं लागणार नाही.

आपली मजुरी आज गिरणीतली नाही, कापसातली आहे. दिवाळीच्या पुढेमागे वेचणीला पोरं लागतात, किलोवर पैसे मिळतात. मी सरावाला पोरगं मागायला गेलो की बाप ओट्यावर बसून सरळ विचारायचा, ‘सर, पोऱ्या खेळी ते खरं, पन रईवारनी मजुरी कोन दी?’ त्याला शिक्षणाचं, शिस्तीचं, राज्याच्या प्रमाणपत्राच्या वाढीव गुणांचं काहीही सांगा. प्रश्न तिथेच उभा असतो. त्याचं उत्तर भाषणात नाही, वेळापत्रकात आहे.

म्हणून माझी सूचना. अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा, एरंडोल या लागून असलेल्या तालुक्यांतली सहा-आठ मंडळं एकत्र आली तरी पुरे. आधी संपूर्ण जिल्हा नको. जिल्हा म्हटला की कार्यकारिणी आली, कार्यकारिणी म्हटली की खुर्च्या आल्या. संक्रांत झाली की सुरुवात करावी, तेव्हा कापूस बराचसा घरात आलेला असतो, आणि होळीच्या आत उरकावं, पुढे ऊन कुणाला सोसत नाही. फक्त 14 आणि 16 वर्षांखालचे गट. दहावीची पोरं नकोत, त्यांच्या आया मला गावात राहू देणार नाहीत. सामने रविवारी सकाळी सातला सुरू, साडेनऊला मैदान मोकळं. म्हणजे ज्याला शेतात जायचं तो जाईल आणि मजुरीचा दिवस हातचा जाणार नाही. एका खेपेला एका मंडळानं दुसऱ्याच्या गावी जायचं, पुढच्या खेपेला त्यांनी यायचं. पाहुण्या संघाला यजमान मंडळानं खायला घालायचं. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी आपल्याकडे कुणाला जड नाही, आणि बामणोदची हिरवी वांगी मिळाली तर लांबचे संघही न बोलावता येतील.

नियम दोनच जास्तीचे ठेवावेत. बाराच्या बारा पोरांना निदान एक डाव मिळालाच पाहिजे. न दिल्यास गुणतक्त्यात गुण कापा. हो, तक्ता मी ठेवणार, 14 खालच्यांचाही. दुसरा, वजन फक्त हंगामाच्या सुरुवातीला, पोराच्या स्वतःच्या शाळेत, जेवल्यावर करायचं. काट्यावर थोडं जास्त भरलं तरी खेळू द्यायचं. दर आठवड्याला खेळायला मिळतंय म्हटल्यावर अडीचशे ग्रॅमसाठी कुणी पोराला उन्हात पळवणार नाही. आणि जिल्हा संघटनेला निवडीसाठी पोरं हवीत, तर निवड समितीचा एक माणूस सकाळी सातला येऊन बसू दे. दोन महिने चढाया बघून काढलेला संघ आणि एका दुपारी काढलेला संघ यांत कोणता बरा, हे मी त्यांना सांगायचं म्हणजे आगाऊपणा होईल.

पंच हा सगळ्यात अवघड भाग. अधिकृत पंच बोलावले की प्रवासखर्च, मानधन, चहापाणी, आणि रविवारी ते दुसऱ्या स्पर्धेत अडकलेले असतात. इथे मात्र ती सिडनीची पोरगी उचलावी. आपल्या गावात कुमार गटातून वयामुळे बाहेर पडलेली, पोलिस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं-पोरी आहेत. त्यांना चार रविवार नियमांचं पुस्तक घेऊन बसवा, शिट्टी द्या, सामन्यामागे शंभर-दीडशे रुपये हातावर ठेवा. चुकतील. बोनस रेषेवर पाय होता की नव्हता यावर भांडणं होतील. कडेला एक दणकट काका उभा करा, जाकीट नसलं तरी चालेल. आमच्या गल्लीतल्या एका नानांचं नाव मी मनात धरून ठेवलंय. त्यांच्यापुढे सरपंचसुद्धा आवाज चढवत नाही.

खर्च म्हणाल तर चुन्याची पोती, एक प्रथमोपचाराची पेटी, पंचांचं मानधन आणि गाडीभाडं. गाडीभाडं हीच खरी अडचण, ते मी लपवत नाही. एसटीच्या वेळा सकाळी सातच्या सामन्याला जुळत नाहीत. यजमान मंडळानं जेवण आणि पाहुण्यांनी गाडी, अशी वाटणी करून बघता येईल. कुणाला यापेक्षा बरं सुचत असेल तर त्यांनी याच सदरात लिहावं.

आता तुमच्याकडे मागणं. या हंगामात चार मंडळांनी जरी हे सुरू केलं, तर सोमवारच्या अंकात कोपऱ्यात चार ओळींची जागा द्या. फोटो नको, पाहुणे नकोत. दोन्ही मंडळांची नावं, दोन्हींचे गुण आणि पुढच्या रविवारी कोण कुठे खेळणार एवढंच. हरलेल्याचं नाव आधी छापलंत तरी आमची हरकत नाही. ज्या मंडळांना यात उतरायचंय त्यांनी आपल्या कार्यालयात नाव देऊन ठेवावं, मी दर शनिवारी येऊन यादी घेऊन जाईन. माझ्याकडून दोन गावांची मैदानं बोलून ठेवली आहेत, चुना मी देणार.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
अमळनेर, जि. जळगाव